हौद्यातली सातवी फळी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे गेले पाच दिवस टेकलेलेच आहेत. कारण खाली येईल.) तुमचा खोकला उतरला असेल, ताईची पाठ बरी असेल अशी आशा करतो. इकडे सगळी माणसं ठीक आहेत. माणसं.

सोमवारी सकाळी आंघोळ उरकून, देवापुढे हात जोडून मी तुमच्या पिकअपच्या हौद्यात चढलो, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्याचं असं झालं. आदल्या दिवशी मुलीच्या नव्या खोलीवर लोखंडी कपाट पोचवलं. उतरवताना ते एका पायावर बसलं आणि हौद्यातली सातवी फळी कडाडली. किल्ली देताना तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "फळ्यांना जप." त्या तुम्ही स्वतः रंधून, तेल पाजून बसवल्यात हे मला ठाऊक आहे. तुम्ही रागावत नाही, भीती त्याचीच वाटते. मागे तुमच्या स्कूटरचा आरसा माझ्या हातून फुटला तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि मग वर्षभर काढला नाहीत. त्या वर्षात ताई आमच्याकडे एकदाही आली नाही. आईवडिलांमागं तिला माहेर म्हणून आमचंच घर आहे, दाजी. म्हणून ठरवलं, गुपचूप नवी फळी बसवायची आणि शनिवारी गाडी होती तशी परत करायची.

फळीला स्क्रू सहा. एका टोकाचे तीन लोण्यातून निघाल्यासारखे निघाले, त्यामुळे मी जरा चढलो. ("यात काय एवढं?" असं बायकोला म्हणालोसुद्धा. माणसानं अर्ध्या कामात बोलू नये.) दुसऱ्या टोकाचे तीन हलेनात. शिवणयंत्राचं तेल सोडून दिवसभर वाट पाहिली. शेजारचे निवृत्त फिटर म्हणाले, तापव, सुटतील. तापवले, तर स्क्रू राहिले बाजूला, शेजारची आठवी फळी काळी पडली. (हे मी नंतर सांगणार होतो.) बुधवारी हातोडीनं ठोकून फिरवायला गेलो, तर डोक्यावरच्या खाचाच झिजून गुळगुळीत झाल्या. नाम घेत जोर लावला. दम लागून नाम थांबलं, पण स्क्रू होता तिथंच. माझ्या मनातली लबाडी त्याला कळते आहे असं वाटायला लागलं. गुरुवारी शेवटी करवत घेऊन फळीच कापून काढली. आता तिथं भगदाड आहे आणि एका कडेला फळीचे तुकडे धरून ते तीन स्क्रू ताठ उभे आहेत.

काल बायको गाडीखाली गेलेली चप्पल काढायला वाकली आणि तिथूनच बोलली, "अहो, वरून काय झगडताय? या तिन्हींना खालून नट आहेत. नटांना वेल्डिंग मारलंय."

"कुणी?"

"गाडी ज्यांची आहे त्यांनी. दुसऱ्या कुणाला एवढी चिकाटी आहे?"

मग आठवलं, बाजारात तुमची एक फळी चोरीला गेली होती. चोरासाठी केलेला बंदोबस्त माझ्या वाट्याला आला. नीट विचार केला तर योग्य माणसाच्याच वाट्याला आला. पाच दिवस मी देवाकडे स्क्रू सुटू दे म्हणून मागत होतो. दाजींना खरं सांगायचं बळ दे, हे मागायचं एकदाही सुचलं नाही.

राग आला तर बोलून टाका, मी ऐकून घेईन.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. नवी फळी आणली आहे. दोन बोटं आखूड आहे.

ता. क. दुसरा : वेल्डिंग कापायला तुमचा ग्राइंडर लागेल, आणि तो चालवायला तुम्ही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण उद्या ताईला आमच्याकडे पाठवा.

ता. क. तिसरा : हे पत्र पोस्टानं येणार नाही. सकाळपासून तुमच्या दारासमोर गाडीत बसून लिहितो आहे. ताई दोनदा खिडकीत येऊन गेली. या शेवटच्या ओळी कागद तुमच्या दाराला टेकवून लिहितो आहे. बेल मी दाबली आहे.