लागू नये असा दिवा

बाबा, काल समोरच्या खोलीतल्या काकींचा ओव्हन दुरुस्त केला. समोरची खोली म्हणायची नुसती सवय राहिली आहे. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि काकी आता माझ्या डोक्यावर सहा मजले राहतात. तुम्ही यातलं काही पाहिलं नाहीत. पण ओव्हन चालू झाला एवढंच सांगायला मी बसलेली नाही. काकींच्या जुन्या ओव्हनबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा सहा वर्षं राहिलं आणि तुम्ही गेल्यावर तीसएक वर्षं. ज्या चुकीपायी तुम्ही हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीत आणि पुन्हा खाली काढली नाहीत, ती चूक तुमची नव्हती, माझी होती.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही गॅलरीच्या टोकाला फळी टाकून बसायला लागलात. गिरणीतल्या यंत्रांच्या मोठमोठ्या मोटारी सांभाळलेला माणूस आता लोकांच्या शेगड्यांच्या कॉइली बदलतो, याचं आईला फार वाईट वाटायचं. तुम्हाला वाटलेलं मला तरी कधी दिसलं नाही. दिवाळी जवळ आली की फळीखाली ते गोल अ‍ॅल्युमिनियमचे, झाकणाला काच लावलेले ओव्हन एकावर एक रचलेले असायचे, घोडपदेवपासून माणसं घेऊन यायची. शाळेतून आले की मी तुमच्याशेजारी पाटावर बसायचे. वस्तू हातात आली की तुम्ही लगेच ती खोलायचा नाहीत, आधी आणणाऱ्या बाईला प्रश्न. कधीपासून तापत नाही, अजिबात तापत नाही की अर्धाच तापतो, काही उतू गेलं होतं का. मग वास घ्यायचा, मग उजेडात धरून बघायचं. "आधी इचार, मगे नाक, मगे डोळे. हात सगळ्यात शेवटाक," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आजही गॅस पेटवताना आठवतं. एकदा प्लग न काढता मी शेगडीत बोट घातलं, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की हातातला स्क्रू-ड्रायव्हर गॅलरीतून खाली पडला. खाली जाऊन तो तुम्हीच आणलात, आणि त्याच्या मुठीला लाल टेप गुंडाळून म्हणालात, आजपासून हा तुझा. तो अजून माझ्याकडे आहे, टेप दोनदा बदलली.

आणि तो लॅम्प. भिंतीतल्या प्लगमधून आलेली दोन मोकळी टोकं आणि मध्ये साठचा बल्ब. एक टोक ओव्हनच्या पिनेला, दुसरं ओव्हनच्या पत्र्याला. आत कुठे वायर पत्र्याला टेकली असेल तर बल्ब पेटायचा, नसेल तर नाही. प्रत्येक वस्तू देताना तुम्ही हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करायचा. त्या बायका बल्बकडे बघत उभ्या राहायच्या आणि तुम्ही म्हणायचा, "दिवो पेटाक नाय. आता खुशाल घेवन जावा." अख्खी चाळ कंदील आणि पणत्या लावण्याच्या घाईत असायची, आणि आपल्या गॅलरीत मात्र दिवा लागला नाही म्हणून आनंद व्हायचा.

त्या दिवाळीत मी कॉलेजात होते. काकींच्या नानकटाईच्या ऑर्डरी होत्या, त्यांच्या घराला त्या पैशांचा आधार होता, आणि नेमका तेव्हाच ओव्हन बंद पडला. तुम्ही नवी कॉइल घेतलीत, ती पत्र्याला टेकू नये म्हणून तिच्यावर चिनी मातीचे मणी ओवलेत, ती पत्र्यात बसवलीत आणि ओव्हन माझ्याकडे सरकवलात. तळ बंद करायचा आणि लॅम्प लावायचा, एवढंच माझं काम. मला मैत्रिणींबरोबर कपडे घ्यायला दादरला जायचं होतं, त्या खाली उभ्या राहून हाका मारत होत्या. मी तळाचे स्क्रू आवळले आणि हात धुतले. तुम्ही दुसऱ्या शेगडीवर वाकलेले होता, मान वर न करता विचारलंत, "लॅम्प लावलंस काय गो?" मी म्हटलं, हो. काकी घाईघाईने आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनाही बल्ब बघायचा होता, पण तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "चेडवान लॅम्प लावल्यान. घेवन जावा."

मी दादरहून परत आले तेव्हा काकींच्या दारात गर्दी होती. ओल्या हाताने त्यांनी झाकण उचललं आणि करंटने त्या मागे फेकल्या गेल्या. ओट्याच्या कडेवर आपटून डावं मनगट मोडलं. जीव वाचला. तुम्ही ओव्हन तिथेच जमिनीवर खोलून बसला होता. एक मणी फुटलेला होता आणि कॉइल पत्र्याला लागली होती. काकींचे यजमान, दोन्ही मजल्यांची माणसं, सगळी बघत होती. तुम्ही तो मणी तळहातावर घेतलात, चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. लॅम्प लावलेला होता, म्हणजे तेव्हा मणी धड होता, असा तुमचा हिशोब. ओवतानाच त्याला बारीक तडा गेला असणार आणि तापल्यावर तो फुटला असणार. "चूक माझी," तुम्ही म्हणालात. "माका तडो दिसाक नाय." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, हातात दादरची पिशवी. मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते मी तेव्हा केलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आलेल्या वस्तू परत पाठवायला लागलात. नजर गेली म्हणून सांगायचा. डोळे तपासून आलात, डॉक्टरने वयाप्रमाणे ठीक आहेत म्हणून सांगितलं, तरी तुम्हाला पटलं नाही. सुईत दोरा ओवायला आईने सांगितलं तरी नको म्हणायचा. पेटी माळ्यावर गेली, फळी कोणीतरी कुंड्या ठेवायला नेली, आणि तुम्ही खिडकीत बसायला लागलात. मी रोज ऑफिसला जाताना तुमच्या पाठीकडे बघत जिना उतरायचे. आज सांगू, पगार झाला की सांगू, लग्नाआधी सांगू. तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत, कारण तुमच्या लेखी मी काम नीट केलं होतं. उलट पाहुण्यांना सांगायचा, हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हा मी आत चहा करायला निघून जायचे.

परवा काकींचा फोन आला. "अगं, मुलाने आणलेली ती मोठी शेगडी, खाली ओव्हनवाली. वरच्या सगळ्या तापतात, ओव्हनमध्ये लाइट लागते, पंखा फिरतो, पण नानकटाई खालून कच्ची राहते. कंपनीचा माणूस आला, दोन मिनिटं बघितलं, म्हणे आंटी, नया ले लो. तू बघतेस का जरा?" वस्तू न बघताच अर्धं कळलं होतं. खालून कच्ची म्हणजे खालची कॉइल. वरून भाजते म्हणजे वीज येते आहे. गेले, मेन बंद केला, जड शेगडी दोघींनी मिळून पुढे ओढली. मीटर लावला तर खालची कॉइल तुटलेलीच होती, आणि कोपऱ्यात तिला फोड आलेला डोळ्यांनाही दिसत होता. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन तशीच कॉइल शोधून आणली, काल दुपारी बसवली, मागचं झाकण लावलं. काकी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढे गेल्यात. डावा हात अजून मनगटाशी वाकडा आहे, डबा त्या पोटाशी धरून उघडतात. बरोबर मी तुमची पेटी नेली होती. चाळ रिकामी करताना ती माळ्यावरून मीच उतरवली, पण उघडली पहिल्यांदा कालच.

काकींनी विचारलं, "लॅम्प लावलास का गं? तुझे बाबा लावायचे तसा?"

आणि बाबा, मी म्हटलं, हो.

विचार करून नाही म्हटलं, तोंडातून आपोआप आलं. लॅम्प पेटीतच होता, त्याच्या वायरीची गुंडाळीसुद्धा सुटलेली नव्हती. मी खाली बसले आणि म्हटलं, "नाही काकी. नाही लावला." त्यांच्यासमोर लॅम्प काढला, नवा बल्ब घातला, शेगडीचं बटण फिरवून एक टोक पिनेला आणि दुसरं पत्र्याला लावलं. बल्ब पेटला. झाकण आवळताना एक वायर पत्र्याच्या कडेखाली चेंगरली होती. झाकणाचे स्क्रू पुन्हा काढले. वायर बदलली, झाकण पुन्हा लावलं, पुन्हा लॅम्प. या वेळी दिवा लागला नाही. मग तिथेच फरशीवर बसून काकींना त्या दिवाळीचं सगळं सांगितलं. मैत्रिणी खाली हाका मारत होत्या, हेही सांगितलं.

काकींनी वाकडं मनगट उजव्या हातात धरलं. मला वाटलं, आता चिडतील. मला तर ते हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुझे बाबा दुसऱ्या दिवशी आले होते गं. हात कसा आहे विचारायला. मी आतून ऐकत होते. यांना खुणेने सांगितलं, झोपलेय म्हणून सांगा. मग पुढेही जिन्यात दिसले की मी मान वळवायचे. सहा वर्षं." मग म्हणाल्या, "तू मला सांगितलंस, तुझं झालं. मी आता कोणाला सांगू?" मी हत्यारं गोळा केली आणि खाली आले. संध्याकाळी त्यांनी सुनेच्या हाती नानकटाई पाठवली, खालून छान भाजलेली. मी डबा तसाच झाकून ठेवला.

हे पत्र कुठे जायचं नाही, लॅम्पच्या वायरीत गुंडाळून पेटीत राहील. तेव्हा इथे तरी खोटं कशाला? मैत्रिणी खाली हाका मारत होत्या, असं मी वर लिहिलं, काकींनाही तेच सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. त्या तेव्हा आल्याच नव्हत्या, बाबा. मी हात धुऊन, वेणी घालून, तुमच्यापासून चार पावलांवर गॅलरीत त्यांची वाट बघत अर्धा तास उभी होते.