सावेरियोशेजारची जागा

रविवार, १० एप्रिल

रोमला नेताहेत मला! उद्या सकाळच्या गाडीने. बॅग ओर्नेल्लाने भरलीसुद्धा — सुनेने माझ्या कपाटाला हात लावला आणि मी गप्प बसले, एवढी चाट पडले होते.

दोनातोला विचारलं, "माझ्या रक्ताचे रिपोर्ट वाईट आलेत का रे? सरळ सांग."

"काहीतरीच काय, आई. एकदा रोम बघ, चांगलंचुंगलं खा. एवढंच."

बुटांकडे बघत म्हणाला. लहानपणी शेजाऱ्यांची अंडी फोडून यायचा तेव्हाही बुटांकडेच बघायचा.

पोप तिथं आहे, मी इथं आहे, दोघांचं बरं चाललं होतं. पण तिकिटं काढलीत म्हणे. जाते.

काळजी एकच — भिंत कोण वाचणार? रोज सकाळी दुधाच्या आधी मी चर्चजवळची भिंत वाचते. काळ्या चौकटीचे कागद — कोण गेलं, प्रार्थनेची मिस्सा किती वाजता, कोण कोण रडतंय त्यांची नावं. शाळा तिसरीत सुटली, पण त्या भिंतीने वाचायचं सुटू दिलं नाही. शेजारच्या तेरेसिनाला सांगून ठेवलंय — काही लागलं भिंतीवर तर फोन कर. तिला गुडघ्यांचं कारण पुरतं, बघू.

समोर दोराच्या खिडक्या बंदच. कार्निव्हलपासून इस्पितळात आहे असं कानावर आलं. माझी धाकटी बहीण. मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही. एकोणीस वर्षं बोलत नाही आम्ही. आता काय विचारायचं?

सोमवार, ११ एप्रिल

रोम. पाय सुजले.

एका जुन्या देवळाच्या घुमटाला मधोमध भोक आहे! बैलगाडी आत पडेल एवढं. दोन हजार वर्षं पाऊस आत येतोय आणि लोक माना वर करून वा वा करताहेत. आमच्या न्हाणीघरात चार थेंब गळले तर ओर्नेल्ला आठवडाभर बोलते.

दुपारी जाड शेवया खाल्ल्या. मेंढीचं चीज, मिरी, शेवया उकडल्याचं पाणी — बस्स, दुसरं काही नाही. वेटर माझ्याच वयाचा, पोट सुटलेला. "कसं वाटलं, आजीबाई?" आजीबाई! म्हटलं, "मीठ कळतं तुमच्या स्वयंपाक्याला. पण चीज आधी घातलंय, ताट चिकटतंय." तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "मीही त्याला हेच सांगतो, मला कोण विचारतं!"

खरं सांगायचं तर चांगल्या होत्या. सगळ्या संपवल्या.

दोनातो सारखा, "आई, हे घे. आई, ते मागवू?" एरवी माझ्या साखरेचा हिशेब ठेवणारा पोरगा. आज गोड बनपाव आणला, आत सायीचा डोंगर. खाल्ला. संशय वेगळा, बनपाव वेगळा.

मंगळवार, १२ एप्रिल

ते मोठं गोल पाहिलं, जुन्या झुंजींचं. ढासळलंय, पण काय ढासळलंय! आमचं पंचायतीचं नवं ऑफिस उभं असून इतकं शोभत नाही. नात नोएमी वाचून दाखवत होती — पुढे मोठे लोक बसायचे, मग त्याहून लहान, आणि बायका अगदी वर, टोकाला. "तेव्हापासूनच का!" म्हटलं. शेजारच्या बाया हसल्या.

जेवायला वजडी. टोमॅटोच्या रश्श्यात, वरून पुदिना. पुदिना! आमच्याकडे कुणी घातला तर वेडी म्हणतील. पण जमलंय. माझा नवरा सावेरियो असता तर वाडगं पावाने पुसून खाल्लं असतं, आणि घरी येऊन म्हणाला असता, तू का नाही घालत पुदिना? तो गेला ते एका परीने बरंच.

दोनातो जेवणातून सारखा उठत होता. फोन. परत आला तो डोळे लाल. "ऊन लागलं." सावलीत बसलो होतो आम्ही.

बुधवार, १३ एप्रिल

सकाळी उठले तर दोनातो नाही. "ऑफिसचं तातडीचं काम निघालं," ओर्नेल्ला म्हणाली. "उद्या दुपारी येतील." काळा कोट घेऊन गेलाय, खुंटीवर नाही. दुसऱ्या बाईच्या भानगडीत असता तर काळा कोट नसता नेला. तेवढं मला कळतं.

आम्ही तिघी जुन्या रस्त्यावर गेलो, शहराबाहेर. दगड असे की चाकं मोडतील. दोन्ही बाजूंना थडगी. एका दगडावर नवरा-बायको, शेजारी शेजारी. नाकं दोघांचीही गेलीत, शेजार गेलेला नाही.

बराच वेळ उभी राहिले तिथं. ओर्नेल्लाला वाटलं, दमले.

माझाही दगड तयार आहे. बाबांनी कबरस्तानात छोटी खोली बांधून ठेवलीय, भिंतीत कप्पे. एकच कप्पा उरलाय — एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सावेरियो. सावेरियो गेला तेव्हाच मी त्यावर माझा फोटो लावून घेतला, नाव कोरून घेतलं, जन्माचं साल घातलं. शेवटचं साल तेवढं मोकळं. दोराने भर बाजारात तमाशा केला होता — "आईचं मी केलं! मरेपर्यंत मी केलं! तिच्या शेजारी झोपणार मी, आणि ही नवऱ्याला घुसवून वर स्वतः घुसते!" मीही सोडलं नाही — "तुला नवरा मिळाला नाही त्याला मी काय करू?" तिथून बोलणं बंद.

जागा माझी आहे. दगडावर लिहिलंय.

बुधवार, संध्याकाळी

अक्षर कसंही येवो.

ज्यू मोहल्ल्यात जेवत होतो. अख्खं आर्टिचोक, हिरव्या बोंडाची भाजी, तळून आणलेलं, फुलासारखं उमललेलं, पाकळी मोडली की कुडुम. तोंडात घास आणि तेरेसिनाचा फोन.

"मेना, देव तुला बळ देवो गं. फार सुंदर झालं सगळं. पांढरी फुलं, बँड, पाद्रीबाबा तर किती बोलले."

"कुणाचं?"

"कुणाचं काय! दोराचं!"

ती सुरूच. "सकाळी भिंतीवर वाचलं आणि मटकन बसले. सगळ्यात वर तुझंच नाव — 'शोकाकुल बहीण फिलोमेना'. वाटलं, रोमहून आली असशील; तू दिसली नाहीस तर मी बायकांना सांगितलं, धक्क्याने पडली असेल. दोनातो पुढे चालत होता, काळ्या कोटात. पोरगा ढसाढसा रडला गं. आणि तुमच्या खोलीपाशी नेलं ना, दार उघडं, गवंडी आत — मला आत जाववेना, गुडघे —"

फोन ठेवला.

ओर्नेल्लाचा काटा हवेतच. नोएमीने मान खाली घातली. म्हणजे दोघींना माहीत!

"आई," ओर्नेल्ला म्हणाली, "तेरेसिनाकाकूंचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

एवढंच! फसवलं याचं काही नाही, फसवणूक पुरी पडली नाही याचं दुःख. माझं नाव कागदावर का घातलं विचारलं. तर, "सख्ख्या बहिणीचं नाव नसतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं." आणि ज्या गावासाठी नाव घातलं, ते गाव मला फोन करेल हे तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

दोराची आशा सुटली, म्हणून रोम. म्हणून बनपाव. मी भिंत वाचू नये म्हणून मला दोन हजार वर्षांच्या भिंती दाखवत फिरवलं.

मी गेले नसते मयताला. मुळीच गेले नसते. खिडकी बंद करून आत बसले असते, आणि सगळ्या गावाला कळलं असतं की मेना आत बसलीय. पण ते न जाणं माझं होतं! तेही काढून घेतलं माझ्याकडून.

आणि गवंडी आत.

गुरुवार, १४ एप्रिल

दोनातो आला. दाढी वाढलेली. मी एक अक्षर बोलले नाही, जेवायला मात्र गेले — उपाशी राहून त्यांचं समाधान कशाला करू?

इथं गुरुवारी सगळीकडे न्योक्की, बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे. ताटं आली. दोनातोने एक घास घेतला आणि थांबला.

"मावशी यात जायफळ घालायची," म्हणाला.

"तू कधी खाल्लेस तिच्या हातचे?"

तो बूट शोधत होता, टेबलाखाली होते.

नोएमीच बोलली. "आम्ही जायचो आजी. रविवारी. तू दुपारी झोपलीस की."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच."

सगळेच! म्हणजे रविवारी माझ्या ताटावर 'पोट भरलं, पोट भरलं' करत होते ते! पहाटेपासून रस्सा ढवळत मी उभी, आणि ही मंडळी समोरच्या घरासाठी पोटात जागा ठेवून जेवत होती. वर्षानुवर्षं. मी ओर्नेल्लाला म्हणायची, तुझ्या नवऱ्याची भूक मेलीय, डॉक्टरला दाखव. ती म्हणायची, हो आई.

"तिला कुणी नव्हतं गं, आई," दोनातो म्हणाला.

"कसं नव्हतं? तुम्ही होतात की! नसलेली मी आहे."

"असं नको बोलू. आणि त्या जागेचं —"

"जागेचं नाव काढलंस तर हे ताट डोक्यात घालीन."

"अगं पण ऐकून तरी घे —"

ताट उचललं मी. वेटर धावत आला, "आजीबाई, बदलून देऊ का?" त्याला वाटलं, न्योक्की आवडले नाहीत.

दोनातोने खुर्ची मागे सरकवली. पन्नाशीचा झाला तरी माझ्या हातातल्या ताटाला भितो. बरोबर आहे त्याचं.

शुक्रवार, १५ एप्रिल

घरी. गाडीत नोएमीने संत्रं सोलून दिलं, घेतलं नाही. मग तिचं लक्ष नसताना खाल्लं.

बस थांब्यापासून घरापर्यंत चालायला नको झालं. जो तो हात धरतो — "वाईट झालं, मेनाताई." खाटीक दुकानातून रक्ताच्या हातांनी बाहेर आला, टोपी काढली. मी मान हलवत राहिले. काय सांगणार होते? की माझ्याशी भांडलेली होती, मला सांगितलं नाही, मी रोमला वजडी खात होते?

भिंतीवर कागद होता. दोराचा तरुणपणीचा फोटो दिलाय, मेळ्यातला. त्यात तिच्या खांद्यावर एक हात दिसतो, कडेला कापलेला. तो हात माझा आहे. खाली माझं नाव. नखाने खरवडून बघितलं. खळ पक्की लावलीय.

उद्या कबरस्तानात जाणार. एकटी. सावेरियोच्या पेटीतली छिन्नी घेतलीय. माझ्या दगडामागे तिला झोपवलं असेल तर त्यावर माझं नाव मी राहू देणार नाही. माझ्या हाताने काढीन. सावेरियोला काय वाटेल ते वाटो, त्याला तर आता तिचाच शेजार.

शनिवार, १६ एप्रिल

कप्पा रिकामा आहे.

माझा फोटो, माझं नाव, सगळं जिथल्या तिथं. आईच्या दगडापुढे पांढरी फुलं. रखवालदार म्हणाला, तिला इथं आईचा निरोप घ्यायला तेवढी आणली होती. शवपेटीसाठी दाराची दुसरी झडप उघडेना, बिजागरी गंजलेली, म्हणून गवंडी. मग मातीत पुरली. जागा तिने स्वतः निवडलेली, इस्पितळातून दोनातोला सांगून — फाटकातून आत आल्यावर पहिलीच, वाटेला लागून. येताना मी ताजी माती पाहिली होती. कुणाची म्हणून वळलेही नाही.

"तिथं तर सगळ्यांचे पाय लागतात," दोनातो तिला म्हणाला होता म्हणे. तर म्हणाली, "सगळ्यांचे नकोत मला. मेना दर रविवारी सावेरियोकडे जाते."

कबरस्तानाला दुसरं फाटक नाही.