शेवटचा पत्रा

मंगळवार, १४ तारीख

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे. तू बरा असशीलच, तुमच्या कॉलनीत कुणाला काही होत नाही.

सध्या बंदराजवळ एका गोदामाला रंग देतोय. इथला मुकादम डबा उघडला की आधी शिंकतो, मग शिव्या देतो. महिनाभरात इथूनही निघेन. असो. तुझं पाकीट पोचलं.

जबाब टाइप करून पाठवलास, वर सहीच्या जागी पेन्सिलीने फुलीसुद्धा. ‘शेजारच्या शिंपीणकाकूंनी आमच्या आईचा आजार लपवला, तिला वेळेत बाहेर काढलं नाही.’ वा! गल्ली अख्खी का बंद केली, असं ऑफिसात विचारायला लागले, तेव्हा बरी तुला काकू आठवली. मी सही केली की तू सुटलास आणि ती अडकली. सही करणार नाही.

साथीच्या दुसऱ्या महिन्यात तूच मला गल्ल्यांची तोंडं पत्रे ठोकून बंद करणाऱ्यांच्या टोळीत चिकटवलंस. ‘रिकामा भटकतोस, निदान हातोडी तरी धर.’ धरली. तुमच्या कॉलनीत चौथ्या मजल्यावर एकजण आजारी पडला, तेव्हा आम्ही दारावर सूचनेचा एक कागद लावला. आतून बाई म्हणाली, “जरा सरळ लावा हं, वाकडा दिसतोय.” सरळ लावला. शेजारचा कुत्र्याला फिरवायला निघाला होता. काय कुत्रं होतं, कान पार जमिनीला... जाऊ दे. त्याच दुपारी आपल्या गल्लीत गेलो. तिथेही एकच आजारी. पण बासष्ट घरं, बाहेर पडायला एकच तोंड, आणि तुझ्या हातच्या यादीत शेरा: पूर्ण बंद.

आता टोळीची एक रीत सांगतो, ती तुझ्या कुठल्या फायलीत नाही. शेवटचा पत्रा ठोकायचा नाही. आतल्या बाजूने तारेने बांधायचा. साहेबाला बंद दिसतो, आणि आतल्यांना माहीत असतं की कुणाचं अगदीच अडलं तर तार सोडायची, निघायचं. सगळ्या गल्ल्यांना हे ठाऊक होतं.

मीही तारच घेतली होती हातात. आई पलीकडे उभी, तोंडाला रुमाल. “जेवलास का रे?” एवढ्यात तू पाहणीला गाडीतून उतरलास. सगळ्या टोळीसमोर म्हणालास, “हा? ह्याने आयुष्यात एक काम पूर्ण केलं असेल तर शपथ! शाळा अर्धी, गॅरेज अर्धं.” सगळे हसले. मीपण हसलो. आईला तू हाकसुद्धा मारली नाहीस.

इथे पेन अडतंय. पेनाचा दोष नाही, चांगलं आहे. मुकादमाचं आहे.

तू गेलास. मी तार खिशात घातली आणि पत्रा ठोकला. बारा खिळे, टोकं वाकवून. पलीकडून आई म्हणाली, “हळू रे, हाताला लागेल.”

चौथ्या दिवशी दुपारी तिला धाप लागली. काकूने तिला पाठीवर घेऊन पत्र्यापर्यंत आणलं. तार चाचपली. मग शिवणाची कात्री आणून खिळे उपसायला लागली, कात्रीचं पातं तुटलं. पहार मिळेपर्यंत तास गेला, आणि त्या तासात आई गेली. हे काकूनेच मला सांगितलं. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. म्हणाली, “तुमची माणसं तर तार बांधतात ना रे?”

मी म्हटलं, “कुणी नवा असेल.”

त्याच आठवड्यात मी शहर सोडलं. तू लोकांना सांगतोस, त्याच्या पायाला भिंगरी आहे. आहेच. पण तेव्हा मी पळालो होतो.

दादा, एका आजाऱ्यासाठी तुमच्याकडे कागद पुरला आणि आईच्या गल्लीला पत्रा लागला, हे तुझं. ते मी तुला माफ करणार नाही. खिळे मात्र माझे. तुझ्या कागदाच्या मागे माझा जबाब लिहिलाय, शुद्धलेखन तपासत बसू नकोस. एक प्रत तुझ्या साहेबांना गेली, एक काकूला. तार पाकिटात घातलीय, ओळख पटेल.

शनिवारी येतोय. तुझ्याकडे नाही, काकूच्या दारात. ती उघडेल की नाही, माहीत नाही.

वहिनीला नमस्कार. तुला सुरुवातीला केला तेवढा पुरे.

आयुष्यात एकच काम पूर्ण केलेला,
तुझा धाकटा