शगुनाचा पेपर

४ ऑगस्ट २०२५, फरीदाबाद
रुजू झाले! विद्यापीठ खासगी, पण प्रयोगशाळा अशी की पुण्यातले आमचे लोक बघूनच जळतील. मायक्रोस्कोप नवाकोरा, शिवाय चालू. सात वर्षं ज्वारीच्या मुळांवरच्या एका बुरशीच्या मागे आहे मी. तिच्याबद्दल मला जे सापडलंय ते जगात अजून कुणालाच माहीत नाही. कुठं लिहूनही ठेवलेलं नाही. आमच्या क्षेत्रात चोर फार. इथं शेवटचे प्रयोग करायचे आणि पेपर लिहायचा, माझा एकटीचा. आईला वाटतं, अबोली बुरशीशीच लग्न लावणार.

विभागप्रमुख धवल सर गोड माणूस. यंदा त्यांचे दोनशेच्या वर पेपर आलेत, म्हणजे जवळपास रोज एक. हे जेवतात कधी? नव्या माणसाला इथं शगुन म्हणून एखाद्या पेपरावर सहलेखक करतात. माझ्या वाट्याला सिमेंट आलं. मी म्हटलं, सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते हसून म्हणाले, यहाँ सब फॅमिली है, शगुन को ना नहीं करते. नाव घातलं तर आपलं काय जातं, म्हणून हो म्हटलं.

१९ ऑगस्ट
शेजारच्या टेबलावर विजयालक्ष्मी मॅडम, आपल्याकडच्याच, ठाण्याच्या. यमुनेतले मासे त्यांच्याइतके कुणालाच कळत नाहीत, असं पुण्यात ऐकलं होतं. हल्ली त्यांचे पेपर बॅटऱ्यांवर, दातांवर, शेअर बाजारावर येतात. भारीच विसरभोळ्या! रोज माझं नाव विचारतात, मी रोज सांगते. पेपर आला की विभागात समोसे आणि टाळ्या. माझंही नाव न विचारताच आणखी काही पेपरांवर आलंय. मी फक्त समोसे खाल्ले.

१० सप्टेंबर
स्लाइड रंगवायला बसले आणि कुठला रंग लावायचा तेच आठवेना. इतकी वर्षं रोज वापरलेला रंग. बाटली समोरच होती. लेबल वाचलं, तरी परकंच वाटलं. सकाळीच माझ्या नावाचा मधुमेहावरचा पेपर आला होता, त्याच्या गडबडीत असेल. दमलेही असेन.

३ ऑक्टोबर
हा योगायोग नाही. माझ्या नावाचा पेपर आला की माझ्या डोक्यातलं काहीतरी जातं. परवा धातूंवरचा आला आणि बीजाणू मोजायचे कसे ते गेलं. मॅडमना आज मुद्दाम माशांचं विचारलं.  त्या हसून म्हणाल्या, मासे? अगं, मी तर शाकाहारी. मला रडूच फुटलं.

१७ ऑक्टोबर
माझं नाव काढा म्हणून सरांकडे गेले. पाया पडायचंच काय ते बाकी होतं. ते म्हणाले, छापून आलेलं निघत नाही. पुढचे पेपर कोण लिहितं, कुठं लिहितं, हे त्यांनाही ठाऊक नाही. मी विचारलं, सर, तुमचा मूळ विषय कोणता? ते उठून दारावरची आपल्याच नावाची पाटी वाचायला गेले. पाटीवर विषय नव्हता.

२८ ऑक्टोबर
राजीनामा दिला. दिल्लीत निजामुद्दीनला पुण्याची गाडी लागलेली, एक पाय डब्यात, आणि विभागातून फोन — अभिनंदन, पेपर आला. त्यावर माझं नाव. पाठोपाठ आईचा फोन. तिचा आवाज ओळखायला मला वेळ लागला. परत फिरले, राजीनामाही मागे घेतला. पळून जायचं कुठं? नाव तर बरोबरच येणार. निदान इथं माझ्या स्लाइड तरी आहेत.

६ नोव्हेंबर
आज तीन. काचेवर काहीतरी आहे, दिसतं — कळत नाही. लांब धागे, गोल ठिपके — मला फार भीती वाटते. समोशाची बशी पुढे आली. मी घेतला. टाळ्याही वाजवल्या.

७ नोव्हेंबर
एकच गोष्ट शिल्लक आहे. जी मला सापडली ती. ती गेली की कुणालाच कधी कळणार नाही. पेपर राहू दे, इथंच लिहिते, आत्ताच — फोन वाजतोय — नाही बघणार. ज्वारीच्या मुळांना ही बुरशी धरली, की पाणी तुटल्यावरही ते रोप