हॉटेलातलं बोलणं

नागापूर, नगर

आदिनाथच्या वडिलांना चांगुणाचा वाकून नमस्कार.

तुम्ही एसटीने पाठवलेली बाजरी आणि शेंगदाणे मिळाले. स्टँडवरून आणायला रिक्षाचे साठ रुपये गेले. बाजरी तशीच पडून आहे, कारण आम्ही हल्ली सारखे हॉटेलात जेवतो. रागावू नका, चला असं मीच म्हणते.

जीव थकतो हो. तिथं ताटाभोवती पाणी फिरवलं, की वेटर सांडलं समजून पुसून टाकतो. पण हायवेवरच्या ढाब्याची मासवडी खरंच चांगली असते, भाकरीही गरम देतात.

खरं सांगते, आदिनाथ आणि सूनबाई घरात एकमेकांशी बोलत नाहीत. हॉटेलात काय मागवायचं, एवढ्यापुरतं तरी बोलतात. काल रेश्मा वेटरला म्हणाली, "दादा, यांच्या रश्श्यात तिखट कमी टाका."

आदिनाथ म्हणाला, "तुझ्या ध्यानात हाय व्हय?"

"तुमचं पोट दुखलं की मलाच जागावं लागतं."

दोघंही हसली. मी खाली मान घालून जेवत राहिले.

म्हणून विचारते, आणखी महिनाभर राहू का? तुमच्या जेवणाचे हाल होतात का? देवापुढे दिवा लावता ना? फोन करू नका, दोन खोल्यांत सगळं ऐकू जातं. उलट टपाली दोन ओळी लिहा.

तुमची,
चांगुणा