पहिला चीक पारडाचा

१९ जानेवारी

दीपमालाचा फोटो पेपरात आला! धुळ्याच्या पानावर. माझी नात — युवराजची थोरली. हातात माइक, ओढणी एकीकडे सरकलेली, पण दिसते कशी! मी चौथी शिकलेली, अडखळत वाचते. पण तिचं नाव एका दमात वाचलं.

तिचं म्हणणं असं — म्हैस व्याली की पहिला चीक पारडाला मिळाला पाहिजे. हेला, म्हणजे नर झाला म्हणून त्याला उपाशी मारायचं नाही. आणि मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे उभं करतात ना पान्हा सोडायला — ते तर बंदच! याचा कायदा व्हावा म्हणून गावोगाव ग्रामसभेचे ठराव घेत फिरते पोरगी. सगळे मुंबईला सरकारकडे नेणार. सोनगीरकडच्या गावांनी दिले. आपलंच गाव राहिलं.

२० जानेवारी

युवराज जेवायला बसला तो कपाळाला आठ्या घालूनच. तो गावच्या दूध डेअरीचा चेअरमन. डेअरीवाले त्याला म्हणतात, "भाऊ, पोरगीले आवर."

दीपमाला म्हणाली, "पप्पा, दूध काढू नका असं मी कुठे म्हणते?"

तो उठून गेला. भरीत तसंच ताटात. एवढी बामणोदची वांगी भाजली होती — काटक्यांवर, गॅसवर नाही!

२२ जानेवारी

मंदाबाईकडे तिळगूळ घ्यायला गेले. कुठलाही विषय निघो, मी दीपमालावर आणते. मंदाबाई म्हणे, "अक्का, तुमले दुसरी नातवंडं शेतस का नही?"

आहेत की. पण पेपरात नाही आली.

२४ जानेवारी

आमची चंद्री म्हैस व्याली! हेला. काळाभोर, कपाळावर चांदणी.

उद्या बायकांची ग्रामसभा. मोठ्या सभेच्या आधी बायकांची वेगळी होते, ठराव आधी तिथे. गल्लीतल्या सगळ्यांना सांगून आले — माझ्या नातीसाठी हात वर करा!

२५ जानेवारी

काय केलं मी हे!

म्हैस व्याली की गल्लीत चीक वाटायचा, रीतच आहे. हात आपोआप चालला. चंद्रीचा चीक काढला, गूळ-वेलची घालून खरवस केला आणि डबा घेऊन सभेला गेले. नातीचा दिवस ना! झाकण उघडलं, वाट्या भरल्या, आणि झुंबरबाई उठली. गावात सगळ्यात जास्त म्हशी तिच्याकडे, ठरावाच्या विरोधात तीच.

"काय वो अक्का, पारडूना चीक वाटीमा कसा उना?"

सगळ्या हसल्या. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. दीपमाला लाल. वाटलं, बुडालं सगळं, आणि माझ्यामुळे बुडालं.

तर पोरगी माइक घेऊन उभी राहिली. इतकी शिकली, पण बोलली आपल्या बोलीत — "देखा! मनी सख्खी आजीबी चुकनी. म्हनीसनच कायदा पाहिजे!"

मग जो हशा! एकेक हात वर. झुंबरबाईने सगळ्यात शेवटी केला, पण केला. खरवस मात्र सोडला नाही कोणी — डबा पुसून परत दिला मेल्यांनी.

घरी आल्याबरोबर हेल्याला चंद्रीखाली सोडलं. राहिलेला चीक ढुशा देऊन देऊन प्याला. शेपटी नुसती नाचत होती. बघत बसले. आधीच सोडला असता तर!

उद्या मोठी सभा. युवराज विरोधात बोलला की संपलं — अर्धं गाव त्याच्या शब्दावर चालतं. सकाळपासून तो घरी नाही.

२६ जानेवारी

ठराव झाला!! झेंडावंदनानंतर लगेच सभा. दोन-चार जण कुरकुरले, बाकी हातच हात. युवराज आलाच नाही. म्हणे शेतात गेला. रुसला असेल. रुसू दे! बाप नाही तर आजी होती — पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून!

२६ जानेवारी, संध्याकाळ

डेअरीचा लीलाधर चाव्या न्यायला आला. त्याच्याकडून कळलं — युवराजने काल चेअरमनकी सोडली. पोरीला गप्प बसव, नाहीतर खुर्ची सोड, असं डेअरीवाले म्हणाले होते त्याला.

युवराज शेतातून आला तेव्हा मी म्हटलं, दीपमालाला सांगू?

"नको माय. तिले आजून मुंबईलगून जानं शे."