झोपेत नव्हते

ब्रॅम्प्टन, कॅनडा
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. देवरामला आईचा आशीर्वाद. सूनबाई, योगिनी, रुद्र सगळी खुशाल असतील असं धरून चालते. मी धडधाकट आहे, एक झोप सोडून.

पत्र कशाला म्हणशील. फोनवर तू "आई, बोल" म्हणतोस आणि पुढचं सगळं तूच बोलतोस. कागदाला मधे तोंड घालता येत नाही. माझी शाळा चौथीपुरती, काना-मात्रा चुकला तर सावरून घे. लिहून झालं की चिमणाची सून मोहिनी ह्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर धाडणार आहे.

आधी झोपेचं सांगते. विमानातून अंग तेवढं इकडं उतरलं, झोप माझी सायखेड्यातच राहिली. इथली माणसं जेवायला बसली की माझे डोळे मिटतात आणि ती निजली की मी टक्क जागी. चिमणाचा रविराज म्हणाला, "मावशी, ह्याला जेट लॅग म्हणतात." म्हटलं, "नाव ठेवायचं काम बारशात करतात, औषध असलं तर दे." परवा वाणसामान आणायला नेलं, तर तिथं बटाट्याच्या पोत्याला टेकले आणि लागले घोरायला. दुकानदार पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं म्हातारी गेली.

उन्हाळ कांद्याचं रोप टाकलंस का? वाफ्यावर कोंबड्या सोडू नको.

लग्न चांगलं झालं. चांगलं झालं असं लोक म्हणतात. आपल्या शेजारची चिमणा, माझ्या बांधाला बांध लावून कांदे काढणारी, नवरा गेल्यावर पोराकडं कॅनडाला गेली आणि आता अडुसष्टाव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिली. हे तू भाऊकीत दबक्या आवाजात सांगतोस, म्हणून मी इथं सरळ लिहिते. नवरदेव पुंजाजी मूळचा संगमनेरकडचा. त्याचीही बायको गेलेली. गुडघे कामातून गेलेत, पण चहा चांगला करतो. तू येऊ नको म्हणालास तरी मी आले, कारण बोलावणं मला होतं, तुला नव्हतं.

मंगलाष्टकं लागली आणि इकडं मी झोपले. तोंड उघडं, अक्षता मुठीत. टाळ्या वाजल्या तशी दचकून उठले आणि मूठभर अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यात टाकल्या. चिमणा नंतर म्हणाली, "लंके, सातासमुद्रापार घोरायला आली व्हय गं?" मी म्हटलं, "तुझं पहिलं लग्न जागेपणी पाह्यलं होतं, तवा काय उजेड पडला?" पुंजाजी एवढा हसला की त्याच्या मुंडावळ्या सुटल्या.

त्या झोपेचा फोटोही मोहिनीने काढलाय. तो मागून घे. पुढं कामाला येईल.

आता त्या दुसऱ्या फोटोचं. तू म्हणशील आई हिकडंतिकडं फिरवतेय. फिरवत होतेच.

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी होती, रविराजच्या घरामागच्या अंगणात. हळद मी आपल्याकडूनच आणली होती. हळकुंडं कुटून, जात्यावर दळून, दोन पिशव्यांत बांधून. विमानतळावरच्या पोराने एकेक पिशवी तीनदा हुंगली. एवढं करून मी ठरवलं होतं की हळद लागताना आपण मागं खुर्चीत बसायचं. कुणी सांगितलं नव्हतं. सवय. विधवेने हळदीला हात लावायचा नसतो, हे मला सांगायला आता माणूस लागत नाही.

डोळे जड झाले होते, हे खरं. पाच सवाष्णी गोळा झाल्या होत्या, सगळ्या पोरीसोरी, आधी पाय का आधी गुडघे ह्यावर त्यांचंच एकमत होईना. तेवढ्यात पाटावरून चिमणा ओरडली, "पहिलं बोट लंकीचं. तिचं लागल्याबिगर मी कुणाला हात लावू देणार नाय." मोहिनीने वाटी आणून माझ्या हातात दिली. पोरी बाजूला सरल्या.

त्या घडीला माझी झोप उडाली, देवराम. गार पाणी तोंडावर मारावं तशी. मी उठले, चालत गेले, आणि चिमणाच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला हळद लावली. मग तिने वाटीत बोटं बुडवून माझ्या दोन्ही गालांना फासली. मी तोंड फिरवलं नाही. तोच फोटो भाऊकीच्या ग्रुपवर फिरला.

परवा तू फोनवर म्हणालास, "आई, ग्रुपवर मी टाकलंय, की तुला तिकडची वेळ सोसली नाय, तू झोपेत होतीस, तुला काय चाललंय ते कळलं नाय. सिन्नरच्या व्याह्यांनी विचारलं तर तूपण तेवढंच म्हण. बाकी मी सांभाळतो. योगिनीचं लग्न तोंडावर आलंय."

खरं सांगते, "बरं" असं माझ्या तोंडात आलं होतं. एवढीशी तर गोष्ट. मग मला तुझी हळद आठवली.

तुझे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुझ्या हळदीची हळकुंडं मी कुटली. तेवढी चालली. मांडवात हळद लागली तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि तुझी काकू तुझ्या अंगाला हात लावत होती. बाहेरून तू हाक मारलीस, "आईला बोलवा ना." कुणीतरी म्हणालं, "तिला काम हाय." तू पुन्हा हाक मारली नाहीस. मी वाट बघितली होती. रडले नाही, भाकरीही करपू दिली नाही. पण तेव्हा मी जागी होते आणि गप्प बसले. आता जागी होते आणि उठले. ह्यातलं तू एक झोपेत घालणार असशील तर कुठलं घालतोस ते मला सांग.

तर सिन्नरकरांना कळव की म्हातारी शुद्धीवर होती. पटत नसेल तर दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाक. झोपलेली बाई कशी दिसते आणि जागी कशी दिसते, ते भाऊकीला आपोआप कळेल. हे पत्रही टाक. तू नाही टाकलंस तर आल्यावर पारावर बसून मी वाचीन, अडखळत का होईना. ऐकणारे पुष्कळ जमतील, मला ठाऊक आहे.

तुळशीचं लग्न दरसाल लावता, तिला कुणी विचारत नाही मागच्या नवऱ्याचं.

योगिनीच्या हळदीला पहिलं बोट माझं राहील. व्याह्यांना विचारून नव्हे. जिच्या अंगाला लागायची तिला तू अजून विचारलेलं नाहीस. तिने फोटो बघून मला कालच निरोप धाडला: "आजी, सगळी तिकडंच संपवू नको. माझ्यापुरती ठेव." एक पिशवी मी न उघडता बांधून ठेवली आहे.

ह्या वेळी तू हाक मारलीस तर बरं. नाही मारलीस तरी मी येणार आहे.

टक्क जागी असलेली,
तुझी आई
लंकाबाई